हलका धक्का

पंचगंगेच्या काठच्या त्या गावात बनाबाई नांदायला आली, तेव्हा तिला नदीचंच भ्या वाटायचं. तिचं माहेर नेसरीचं. तिथं पाणी विहिरीत असायचं आणि वाकून बघितल्याशिवाय दिसायचं नाही. इथं आषाढ-श्रावणात नदी पात्र सोडून उसातनं चालत पार उंबऱ्यापाशी यायची आणि सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आली व्हय? जाईल." पुढं बनाबाईही तसंच म्हणायला शिकली. जमिनीला मात्र ती कधी भ्याली नव्हती. जमिनीला कोण भितं?

पाचेक वर्षांनी धाकटा दीर बाळासो याचं लग्न झालं आणि आक्काताई घरात आली. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत. म्हशीशी प्रेमानं बोलायची आणि माणसांवर खेकसायची. पहिल्याच दिवशी तिनं भाकरी करपवली, तेव्हा सासूबाईंनी बघायच्या आत बनाबाईनं ती आपल्या ताटात ओढून घेतली. त्या दिवसापासून दोघी जावा एका चुलीवर रांधत राहिल्या, ते सासरे जाईपर्यंत.

मग वाटणी झाली. थोरला गुंडू, म्हणजे बनाबाईचा नवरा, त्याला पुढचं घर, बाळासोला मागचं. मधलं अंगण दोघांचं. सगळं सुरळीत झालं आणि भांडण लागलं ते एका तांब्याच्या घंगाळावरून. घंगाळ आक्काताईकडं गेलं आणि जावांचं बोलणं बंद झालं. आक्काताईला काही सांगायचं असलं की ती अंगणात म्हशीला सांगायची, "ऐकलंस का गं, उद्या लाईट न्हाई, म्हणावं पाणी भरून ठेवा." बनाबाई आतून ऐकायची आणि पाणी भरून ठेवायची.

दोन हजार एकोणीसचा पूर आला तेव्हा सगळ्यांना नावेतून काढून कोल्हापुरातल्या एका शाळेत नेलं. वर्गात बाकडी बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. दोघी जावांच्या वाट्याला एकच सतरंजी आली. पहिली रात्र पाठीला पाठ लावून गेली. दुसऱ्या दिवशी आक्काताई भिंतीकडं बघत म्हणाली, "घंगाळ वाहून गेलं असंल की वो जाऊबाई."

"जाऊ दे," बनाबाई म्हणाली.

"बरं झालं. न्हाईतर आनि धा वर्सं गेली असती."

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या बायका उठून बसल्या.

पाणी ओसरल्यावर गुंडूनं पुढचं घर पाडलं. मुलगा पृथ्वीराज पुण्याला कंपनीत होता, त्यानं मदत केली आणि खांब-स्लॅबचं नवं घर उभं राहिलं. बाळासोचं मागचं घर मात्र होतं तसंच राहिलं. भिंती मातीच्या, हातभर जाड, वर कौलं. आठवडाभर त्या भिंती पाण्यात उभ्या होत्या. दोन वर्षांनी एकवीसचा पूर आला, तेव्हा परत पाण्यात उभ्या राहिल्या आणि परत वाळल्या. बाळासोला त्याचा अभिमान होता. "बानं बांधलेली भिंत हाय. दोन म्हापूर बघितलं तिनं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ओलीचे डाग दिसू नयेत म्हणून त्यानं बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि वर आकाशी रंग दिला. गल्लीतल्या निम्म्या घरांनी तेच केलं होतं. आक्काताईला तो रंग फार आवडला. दिवेलागणीला म्हशीची धार काढून झाली की ती बाहेरच्या ओसरीवर, सोप्यात, त्या भिंतीला पाठ टेकून बसायची.

त्या दिवशीही बसली होती. ऊस तोडणीचे दिवस होते, थंडी होती. मांडीवर पावट्याच्या शेंगांचं सूप होतं.

बनाबाई पुढच्या घरात ओट्यापाशी भाकरी थापत होती. पायाखाली फरशी थरथरली. मांडणीतल्या एका डब्याचं झाकण टकटक वाजलं आणि थांबलं. कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यानं गेला की घर असंच थरथरायचं. मोसमात दिवसातून कितीदा तरी. बनाबाईनं मान वर केली नाही. मग मागच्या बाजूला काहीतरी जड बसल्यासारखा आवाज झाला. भावजींनी पेंडीचं पोतं आणलं असंल, तिच्या मनात आलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, जाळावर धरली, फुगली तशी टोपलीत टाकली.

तेवढ्यात बाळासोची हाक आली. ओरडणं नव्हतं ते. "वैनी," तो म्हणत होता. "वैनी, वैनी." एकाच आवाजात, थांबून थांबून.

ती गेली तेव्हा अंगणात धुरळा उभा होता. आकाशी भिंत नव्हती. तिच्या जागेवरून आतलं घर उघडं दिसत होतं. कौलं लाकडी खांबांवर तशीच लटकत होती. म्हैस दावणीला उभी राहून कान हलवत होती. आत मोरीवर पाण्याचा हंडा काठोकाठ भरलेला होता, आणि त्यातलं पाणी सांडलं नव्हतं. बनाबाईला ते का दिसलं कुणास ठाऊक, पण दिसलं, आणि नंतर कधी डोळ्यांपुढून गेलं नाही.

गल्ली गोळा झाली. हातांनी माती उपसली. आक्काताईला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. बनाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शिरोलीचा पूल यायच्या आधीच तिला कळलं होतं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. बाळासो पुढं ड्रायव्हरशेजारी बसून सारखा म्हणत होता, "जरा दमानं घ्या, तिला धक्का बसंल."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. वारणेच्या बाजूला भूकंपाचा सौम्य धक्का, कोल्हापूर परिसरातही काही ठिकाणी जाणवला, कुठेही हानी नाही. बातमी आदल्या संध्याकाळीच गेली असणार. पण बाळासोनं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मातीला आलेल्या प्रत्येकाला तो वाचायला देऊ लागला. लोक वाचायचे, परत द्यायचे. 

पंचनाम्याला माणूस आला. त्यानं मोडकळीस आलेली भिंत कोसळून मृत्यू, असं लिहिलं.

"मोडकळीस कुठली?" बाळासो म्हणाला. "रंग दिलाय की."

"मामा, धक्का लई बारका हुता. गावात दुसरं एक कौल हाललं न्हाई. भूकंपानं पडली असं मी कसं लिवू?"

गुंडूनं भावाला धरून आत नेलं.

म्हशीनं पान्हा चोरला. बाळासो बसला तर लाथ मारायची, गुंडूला जवळ येऊ द्यायची नाही. कास तटतटली होती, जनावर हंबरत होतं. तिसऱ्या दिवशी बनाबाई मागच्या घरात गेली. दोरीवर आक्काताईचं जुनं लुगडं तसंच वाळत पडलं होतं. ते तिनं स्वतःच्या अंगावरून लपेटून घेतलं, पदर डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून म्हशीपाशी बसली. म्हशीनं लुगड्याचा वास घेतला, एक श्वास सोडला आणि पान्हा घातला. दुधाची धार चरवीत वाजायला लागली तशी बनाबाईनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि घरात ऐकू जाणार नाही अशा बेतानं रडली.

आक्काताईची एकुलती एक मुलगी मोना हुपरीला दिलेली. सासरी घरातच चांदीचं काम, ती स्वतः पैंजणांना घुंगरू जोडायची. मातीला आली तेव्हा ती कुणाशी बोलली नव्हती. दिवस घातल्यावर पाहुणे गेले, तेव्हा ती पुढच्या घरात आली आणि ओट्यापाशी उभी राहिली.

"मोठी आई, तू हिथंच हुतीस न्हवं?"

"व्हय."

"हिथनं तिथंवर पंधरा पावलं न्हाईत. तुला कळलं न्हाई?"

"न्हाई कळलं."

"जमीन हालल्याली कळली न्हाई? भिंत पडल्याली कळली न्हाई?"

बनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं. जमीन हलली, मी पळत गेलो, असं. पण मोनाच्या तोंडाकडं बघून तिला ते जमलं नाही. "कळलं," ती म्हणाली. "पर मला वाटलं ट्रॅक्टर गेला. भिंतीचा आवाज आला, मला वाटलं पोतं टाकलं. हातात भाकरी हुती मोना, ती भाजली मी. भाजून टोपलीत टाकली, आनि मग भावजींची हाक आली."

मोना ओट्यापासून मागं सरली. मग खाली फरशीवर बसली.

"आमच्यात भिंतीला खिळं मारून पैंजणं अडकवल्याली असत्यात," ती म्हणाली. "त्या टायमाला सगळी एकदम वाजली. वाऱ्यानं वाजत्यात तशी न्हवं, निराळी. सासूबाई म्हणाल्या, कोण नाचतंय गं? आनि आम्ही सगळ्या हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो, मोठी आई."

बनाबाई तिच्याजवळ सरकली. मोनानं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं नाही, पण उठूनही गेली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. गुंडू दारात आला आणि त्यांना बघून परत फिरला.

पुढच्या आठवड्यात गावात एक पाहुणा आला. विजयसिंह नावाचा तरणा मास्तर, कोल्हापूरच्या एका कॉलेजात भूगर्भाचा विषय शिकवणारा. मोटारसायकल देवळापाशी लावून तो घरोघर जाऊन विचारत होता. धक्का बसला तेव्हा कुठं होता? उभे होता का बसलेले? भांडी वाजली का? टांगलेलं काही हललं का? गिलाव्याला भेगा गेल्या का? शेतात उभे होते त्यांना काहीच कळलं नव्हतं. माडीवर झोपलेल्या एका म्हाताऱ्याला खाट कुणी हलवली असं वाटलं होतं. दुकानदाराच्या बरण्या वाजल्या होत्या, एकही पडली नव्हती. समोरच्या तानाबाईचं मांजर तेवढं पळालं होतं.

बनाबाईच्या घरी आला तेव्हा त्याला आक्काताईचं ठाऊक नव्हतं. त्यानं तेच प्रश्न विचारले आणि तिनं उत्तरं दिली. झाकण वाजलं. हंड्यातलं पाणी सांडलं न्हाई. मला ट्रॅक्टर वाटला. मग तिनं त्याला मागच्या अंगणात नेलं.

विजयसिंह पडलेल्या भिंतीपुढं उकिडवा बसला. ढिगाऱ्यातलं एक ढेकूळ उचलून त्यानं बोटांत चिरडलं. बाहेरचा आकाशी गिलावा पापुद्र्यासारखा मोठ्या तुकड्यांत निघाला होता, आतली माती रव्यासारखी झाली होती. तो उठला, बाळासोपुढं आला आणि चप्पल काढून उभा राहिला.

"मला माहीत नव्हतं मामा. मी असा विचारत आलो, चुकलं माझं."

"इचारा की," बाळासो म्हणाला. "मला बी इचारायचंय. ह्यो भूकंप केवढा हुता? पेपरात चारच्या आसपास म्हणत्यात. चार म्हंजे किती?"

विजयसिंह अंगणातल्या दगडावर टेकला. "तो आकडा भूकंपाचा असतोय मामा, जिथं जमीन तुटली तिथला. तो सगळ्यांना एकच. पण हादरा कुणाला किती बसला, त्याचा जोर निराळा. तो जागेगणिक बदलतो. एस्टीचं बघा, गाडी एकच, खड्डा एकच. पुढं बसलेला नुसता हलतो, मागच्या शिटावरचा डोकं टपाला लागेपर्यंत उडतो. लांब गेलं तर जोर कमी. डोंगराच्या कातळावर कमी. तुमच्यासारख्या नदीकाठच्या गाळाच्या मातीत जास्त, आणि जरा जास्त वेळ. म्हणून मी विचारत हिंडतोय. जोर यंत्रावर मोजतात, तसाच माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं, त्यावरूनही ठरवतात."

"मग आमच्या गावाचा किती धरलासा?"

तो खाली बघत म्हणाला, "हलकाच धरावा लागेल. गावात दुसरं काही पडलेलं नाही. एका घरावरून गावाचा जोर धरता येत नाही."

"आनि ह्या घराचा?"

"भिंत दोन पुरांत भिजलीय मामा. आतली माती सुटली. वरनं सिमेंट मारलं, त्यामुळं ओल आतच राहिली, आणि बाहेरनं कुणाला कळलं नाही. धक्का हलकाच होता. पण तिला तेवढाच लागत होता."

बाळासोनं खिशातला पेपराचा तुकडा काढला, बघितला, परत ठेवला. "म्हंजे मोठा भूकंप असता तर लिवलं असतं," तो म्हणाला. "सगळ्यांची घरं पडली असती तर माझी बायकू मोजली असती."

विजयसिंहानं चप्पल पायांत घातली. जाताना तो बनाबाईला अंगणाच्या कडेला घेऊन गेला. मागच्या घराची दुसरी भिंत अजून उभी होती, आतून कोनाडा असलेली. "मावशी, ही पाडून घ्या. आज-उद्याच. तिच्याजवळ कुणाला बसू देऊ नका. आणि गल्लीत असा गिलावा केलेल्या मातीच्या भिंती असतील, तिथंही सांगा. मी सांगेन, पण माझं कोण ऐकणार."

बनाबाईचंही कुणी ऐकलं नाही. तानाबाई म्हणाली, "आमची भिंत तसली न्हवं, बना. आमची भक्कम हाय." आणि भक्कमपणा दाखवायला तिनं भिंतीवर थाप मारली. बनाबाई एवढंच म्हणाली, "खाट तरी सरकव." तानाबाईनं हो म्हटलं.

घरातली भिंत पाडायला बाळासो तयार होईना. त्या कोनाड्यात आक्काताईची फणी होती, कुंकवाची डबी होती, एक फुटका आरसा होता. तो रोज संध्याकाळी जाऊन त्या भिंतीपाशी बसायचा. बनाबाई जेवायला हाक मारायला जायची आणि दारातच थांबायची. तिचे पाय आत जायचे नाहीत.

"भावजी, बाहेर या."

"ही न्हाई पडायची वैनी. एकटीवर डाव हुता, तो झाला."

"कुनाचा डाव न्हवता. मास्तरनं काय सांगितलं ते ऐकलंसा की."

"ऐकलं म्हणूनच बसतोय," तो म्हणाला.

हे ऐकल्यावर तिला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तिनं हुपरीला फोन केला आणि दुपारच्या बसनं मोना आली. तिनं बापाशी हुज्जत घातली नाही. नुसती आत गेली, कोनाड्यातली फणी, डबी, आरसा काढून पदरात बांधलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आबा, आता तिथं काय न्हाई. चला."

गुंडू पहार घेऊन आला होता. कौलं त्यानं आधीच उतरवून घेतली होती. आत थांबणं धोक्याचं म्हणून सगळे बाहेरच्या बाजूला उभे राहिले. पहार घालायच्या आधी, ढिली आहे का बघावं म्हणून गुंडूनं दोन्ही तळवे टेकून भिंत रेटली. बनाबाईनंही शेजारी हात लावले. नवरा-बायको दोघं साठीकडं झुकलेली, तिच्या मनगटात धड जोर नाही. भिंत हलली, मधून वाकली आणि पलीकडं गेली. आवाज पोतं टाकल्यासारखाच झाला.

 पहार गुंडूच्या पायाशी तशीच पडली होती. बाळासो आपल्या भावजयीच्या हातांकडं बघत होता. आकाशी रंगाची भुकटी लागलेले ते दोन बारके हात.

"एवढ्यानंच?" तो म्हणाला.

मग तो अंगणात खाली बसला. बायको गेल्यापासून त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं आलं. मातीच्या दिवशी नाही, दिवस घातले तेव्हा नाही. आता तो लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून रडला. मोना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बनाबाई मात्र आपले हात पदराला पुसत राहिली. पुसून झाले तरी पुसत राहिली.

जागा साफ करायला गुंडूला बरेच दिवस लागले. माती शेतात नेऊन टाकली. तिथं परत घर बांधायचं बाळासोनं नाव काढलं नाही. पुढच्या घरात त्याला खोली दिली, पण तो स्लॅबखालीही झोपेना. गोठ्यात पत्र्याखाली घोंगडं टाकून पडायचा. खोकला जडला. शेवटी मोना आणि तिचा नवरा येऊन त्याला हुपरीला घेऊन गेले. जाताना तो वैनीच्या पाया पडला. दिरानं भावजयीच्या पाया पडायची त्या घरात रीत होती, पण या वेळी तो उठायला उशीर लावत होता.

"राग नगा धरू वैनी," तो म्हणाला. "तुमच्या मनाला लागंल असं कधी बोललो असंन."

"तुमी काय बोलला न्हाईसा," ती म्हणाली. "बोलला असता तर बरं हुतं."

आता बनाबाई दर दोन-चार दिवसांनी मोनाला फोन लावते. आबा जेवतात का, खोकला कमी आहे का, विचारते. मोना सांगते, जेवतात, पोरांना शाळेत सोडायला जातात, चांदीची तार ओढायला बसतात. एकदा मोना म्हणाली, "मोठी आई, तू कशी हाईस ते कधी सांगत न्हाईस."

बनाबाईनं दारातनं मागं बघितलं. दुपारची वेळ होती. गुंडू शेताकडं गेला होता. मागचं अंगण पार कुंपणापर्यंत मोकळं दिसत होतं आणि त्यात ऊन पडलं होतं. पूर्वी त्या वेळी तिथं सावली असायची.

"मी हाय बरी," ती म्हणाली. "हिकडं आता ऊन लई येतंय."